पट्टी बांधणारे हात

रग्बी हा खेळ आम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. आमचे बालपण हुतूतू आणि आट्यापाट्यांत गेले. अंडाकृती चेंडू काखेत धरून धावणाऱ्या धिप्पाड पुरुषांविषयी आम्हांस अगत्य वाटण्याचे काही कारणही नव्हते. तरी थॉमस क्रीन या आयरिश डॉक्टराचे चरित्र वाचल्यापासून तो मनातून जात नाही. (दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांतील याच नावाचा दर्यावर्दी निराळा.)

क्रीनचा जन्म १८७३ साली डब्लिन येथे झाला. आयर्लंडकडून तो नऊ सामने खेळला. १८९४ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांनाही आयर्लंडने एकाच हंगामात प्रथमच हरविले, त्या संघात तो होता. १८९६ मध्ये ब्रिटिश बेटांच्या संघाबरोबर तो दक्षिण आफ्रिकेस गेला. सामन्याच्या दिवशी दुपारच्या जेवणास चार पेल्यांहून अधिक शॅम्पेन घेऊ नये, हा म्हणे त्याचा सोबत्यांना संयमाचा उपदेश! दौरा संपला, क्रीन मात्र जोहान्सबर्गला डॉक्टरकी करीत राहिला.

१८९९ मध्ये बोअर युद्ध पेटले, तेव्हा तो साधा शिपाई म्हणून पलटणीत दाखल झाला. पुढे तो पलटणीचा डॉक्टर झाला. १८ डिसेंबर १९०१ रोजी टायगरक्लूफ स्प्रुइट येथे शत्रू अवघ्या दीडशे यार्डांवरून गोळ्या झाडीत होता. स्वतः जखमी होऊनही क्रीन आघाडीवर घायाळांची शुश्रूषा करीत राहिला. दुसरी गोळी लागली, हा आता वाचत नाही असे वाटले, तेव्हाच त्याचे हात थांबले. त्याबद्दल त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

येथे आम्ही अडखळतो. ते युद्ध साम्राज्याचे होते. क्रीनची मायभूमीही त्याच साम्राज्याच्या टाचेखाली होती. बोअरांच्या बायकामुलांना छावण्यांत डांबले गेले, त्यांतील सुमारे २६ हजार जीव गेले. अशा युद्धातल्या पदकाचे कौतुक आपण का करावे? घरी हा विषय निघाला त्या रात्री जेवणे बरीच लांबली. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी गांधीजींची आठवण करून दिली. मन बोअरांकडे ओढ घेत असतानाही, त्याच युद्धात त्यांनी नाताळमध्ये सुमारे ११०० हिंदी माणसांचे पथक उभारून इंग्रजांचे जखमी वाहिले होते. आमचा आक्षेप त्याने पुरता मिटला नाही; मात्र पदकावरची आमची नजर पट्टीकडे वळली, हे खरे.

पहिल्या महायुद्धातही क्रीन जखमींच्या सेवेत होता. १९२३ च्या मार्चमध्ये, पन्नाशीही न गाठता, तो मधुमेहाने लंडनला वारला. इन्शुलिन तेव्हा नुकते कोठे रोग्यांपर्यंत पोहोचू लागले होते.