मागच्या सीटचा अभिप्राय

प्रशासनात निर्णय घेणारा एक असतो आणि त्या निर्णयाबरोबर दिवस काढणारा दुसरा असतो. कार्यालयाची जागा ठरवणारा तिथल्या रांगेत उभा राहत नाही. अर्जाचा नमुना तयार करणाऱ्यावर तो भरण्याची वेळ येत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. मात्र या जुन्या प्रश्नाचे मला भेटलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण नस्तीत नव्हते. ते मोटारसायकलच्या मागच्या सीटवर होते.

चेन्नईला बदली होऊन आल्यापासून एक बेत मनात होता. निवृत्तीला आता थोडी वर्षे उरली आहेत, मुले आपापल्या नोकरीच्या गावी आहेत. शनिवार-रविवार धरून तमिळनाडूचा मराठी इतिहास रस्त्याने पाहावा, जिंजी, वेल्लोर, तंजावर अशी ठिकाणे एकेक करून गाठावीत, आणि हे सारे मोटारसायकलवर, सौ.सह, डबलसीट व्हावे, असा तो बेत. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही कोल्हापूरहून पन्हाळा आणि पुण्याहून महाबळेश्वर असेच केले होते. बेत सांगितल्यावर सौ.ने तीन शब्दांत उत्तर दिले, "तुम्ही जाऊन या."

तिला कंबरेच्या मणक्याचे दुखणे आहे. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली नव्हती. एका बैठकीत तासाभराहून अधिक बसू नये आणि धक्के टाळावेत, एवढीच त्यांची सूचना होती. म्हणजे तिच्या नकाराचे कारण वय नव्हते, प्रवासाचा कंटाळाही नव्हता. हल्लीच्या मोटारसायकलींची मागची सीट तिने पाहिली होती आणि आपला हिशेब मनाशी करून टाकला होता.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटे पण फार मोलाचे पुस्तक लिहिले. एखाद्या संस्थेची सेवा घसरली की माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे: आवाज उठवणे किंवा निघून जाणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्याने दिले आहे. गैरसोय झालेले ग्राहक तक्रार करत बसले नाहीत, त्यांनी माल ट्रकने पाठवायला सुरुवात केली; आणि तक्रार करणारेच उरले नाहीत म्हणून रेल्वे सुधारली नाही. मागच्या सीटवरचा प्रवासी याच ग्राहकासारखा असतो. तो भांडत नाही. "तुम्ही जाऊन या" असे म्हणतो. पुढच्याला ती संमती वाटते. वस्तुतः तो राजीनामा असतो.

म्हणून आम्ही ठरवले की मोटारसायकल घ्यायची तर निवडीचा अधिकार मागे बसणारीचा. मला पसंत आणि तिला नापसंत अशी गाडी घ्यायची नाही. तिला पसंत पण मला पेलणार नाही अशीही नाही. मला फक्त नकाराधिकार असेल, निवडीचा नसेल.

वाचकांपैकी जे महाराष्ट्राबाहेर आहेत त्यांना मद्रास आणि मोटारसायकल यांचे नाते ठाऊक असेलच. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर १९५५ साली एनफिल्ड इंडियाची स्थापना केली आणि शहराच्या उत्तरेला तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. ही कंपनी १९९४ मध्ये आयशर समूहाकडे आली. २०१३ साली शहराच्या दुसऱ्या टोकाला ओरगडम येथे तिचा मोठा कारखाना सुरू झाला. महाराष्ट्रातल्या गावोगावी जी बुलेट प्रतिष्ठेची खूण मानली गेली, तिचे माहेर हे. पण बुलेटच्या कौतुकातही मागची सीट कुठे येत नाही. कौतुक आवाजाचे, वजनाचे आणि पुढे बसणाऱ्याच्या रुबाबाचे असते.

सरकारने मात्र मागच्या माणसाची दखल घेतली आहे, हे मला नियम चाळताना जाणवले आणि बरे वाटले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार चालकाखेरीज एकाच व्यक्तीला नेता येते, आणि तीही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या योग्य आसनावर. कलम १२९ हेल्मेटचे बंधन दोघांवरही घालते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ तर मला विशेष आवडतो. मागे बसणाऱ्याला धरण्यासाठी कायमची मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवे आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकणारे आवरण हवे, असे तो सांगतो. हेच आपले साडीगार्ड. परदेशी अभियंत्याला कदाचित सुचले नसते असे हे कलम आहे. इथे बाई साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसते, हे पाहिलेल्या कोणीतरी ते लिहिले असणार. चांगला नियम असाच जन्मतो: आधी माणूस दिसावा लागतो.

करव्यवस्थेला मात्र हा माणूस दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यापूर्वी मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता. म्हणजे सीमेच्या दोन बाजूंतील अंतर तीन टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर गेले. अशा ठिकाणी दरात एक खाच पडते आणि उत्पादक व ग्राहक दोघेही खाचेच्या अलीकडे गर्दी करतात. इंजिनाची क्षमता मोजता येते म्हणून तिच्यावर कर बसतो. मागच्या माणसाच्या कंबरेला काय सोसावे लागले हे मोजण्याचे एकक नाही, त्यामुळे ते ना कराच्या तक्त्यात येते ना जाहिरातीत.

आमच्यापुरते एकक सौ.ने तयार केले. तिने एका वहीत पाच रकाने आखले. ते इथे देतो, कारण डबलसीट प्रवासासाठी गाडी घेणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडतील.

पहिला रकाना चढण्या-उतरण्याचा. सीटची उंची कंपन्या देतात, पण ती चालकाच्या सीटची. मागची सीट त्याहून उंच असते आणि तिच्यामागे सामानाचा सांगाडा असेल तर पाय आणखी वर न्यावा लागतो. डोंगराळ वाटांसाठी केलेल्या हिमालयन ४५० ची चालकाची सीटच ८२५ मिलिमीटरवर आहे. तरुणांना तिचे काही वाटू नये. पन्नाशीच्या गुडघ्यांना वाटते.

दुसरा रकाना सीटचा. ती रुंद आणि सपाट हवी. पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस चालकावर घसरतो आणि मग सारा वेळ स्वतःला मागे रेटत बसतो. फार मऊ सीटही फसवी. दुकानात ती गादीसारखी वाटते, पण पाऊण तासाने तिचा फोम दबतो आणि खालचा कठीण तळ लागू लागतो.

तिसरा पायांचा. फूटरेस्ट जितके उंच तितका गुडघा अधिक दुमडतो आणि ताण कंबरेवर येतो. सायलेन्सर पायापासून किती दूर आहे हेही पाहावे; चेन्नईच्या मे महिन्यात तो प्रश्न गौण राहत नाही.

चौथा आधाराचा. बाजूची मूठ हाताला सहज सापडते का, आणि पाठीला टेकण मिळते का? पाठटेकण ही चैन आहे असे मला आधी वाटे. तिचे म्हणणे असे की टेकण नसेल तर मागे बसणारा पोटाच्या आणि कंबरेच्या स्नायूंनी सबंध प्रवास तोलून धरत असतो.

पाचवा धक्क्यांचा. याविषयी ती जे बोलली ते मी माझ्या प्रशिक्षणार्थींनाही सांगतो. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला समोर रस्ता दिसतो. मला तुमचं हेल्मेट दिसतं. खड्डा आला हे मला तो बसल्यावरच कळतं." चालक खड्डा पाहून वेग कमी करतो, अंग सावरतो, किंचित उठतो. मागच्याला यातले काहीच करता येत नाही. माहितीच्या विषमतेवरील कामासाठी २००१ साली अकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिगलिट्झ यांना नोबेल मिळाले. त्या विषयाची इतकी नेमकी व्याख्या मी वर्गात ऐकली नव्हती. यावर उपाय दोन. एक यांत्रिक: मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा ताण दोन माणसांच्या वजनाप्रमाणे वाढवून घेणे आणि मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत डबलसीटसाठी सांगितलेली हवा भरणे. दुसरा फुकटचा: खड्डा दिसला की तोंडाने सांगणे.

दुकानातील चाचणी दोन-तीन किलोमीटरची असते आणि तीही बहुधा एकट्या चालकाची. त्यातून मागच्या सीटविषयी काही कळत नाही. म्हणून आम्ही दोन रविवारी दोन वेगवेगळ्या गाड्या भाड्याने घेतल्या आणि ईस्ट कोस्ट रोडने मामल्लपुरम गाठले. सुमारे साठ किलोमीटर अंतर, पहाटेची वेळ, डावीकडे अधूनमधून समुद्र. त्यातील एका गाडीवर एका सहकाऱ्याला हँडल देऊन मी स्वतः अर्धा तास मागे बसलो. तपासणीचा हा प्रकार मी कोणत्याही खात्याला सुचवीन. आपण रोज चालवतो ते वाहन मागून वेगळेच असते. वेग अधिक वाटतो, ब्रेक अचानक वाटतात आणि चालकाविषयी पूर्वी न आलेले विचार मनात येतात.

अखेरच्या यादीत दोन गाड्या उरल्या: मिटिऑर ३५० आणि सुपर मिटिऑर ६५०. दोन्ही ठेंगण्या, दोन्ही लांबच्या प्रवासासाठी केलेल्या. मोठी गाडी महामार्गावर दोघांना घेऊन सहज धावते, यात शंका नाही. पण तिचे वजन २४१ किलो आणि लहानीचे १९१. मधला फरक सिमेंटच्या एका गोणीचा. उतारावर थांबताना, मागे माणूस आणि सामान असताना, ही गोणी माझ्या एका पायावर येणार होती. इथे मी माझा नकाराधिकार वापरला. लहान गाडीची सीट ७६५ मिलिमीटरवर, मागे पाठटेकण, शॉकॲब्सॉर्बरचा ताण सहा पायऱ्यांत बदलता येतो. वहीतील पाचपैकी चार रकान्यांत तिला सौ.ने उत्तम शेरा दिला. ३४९ सीसी असल्याने कराच्या खाचेच्या अलीकडे राहिलो, ही जमेची बाजू.

सरकारी सेवकांसाठी एक टीप. पूर्वी खात्याकडून मोटारसायकलसाठी अग्रिम मिळे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये, तो बंद झाला. आचरण नियम, १९६४ मधील नियम १८ मात्र लागू आहे. जंगम मालमत्तेच्या व्यवहाराची किंमत दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक असेल तर महिन्याच्या आत कळवावे लागते.

खर्चाच्या हिशेबात दुसरे हेल्मेट पहिल्याच्याच दर्जाचे धरावे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाखेरीज दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. तरीही चालकाचे हेल्मेट चांगले आणि मागच्याचे दंड चुकवण्यापुरते, असे जोडपे प्रत्येक सिग्नलला दिसते. डोके दोघांचेही सारखेच फुटते.

ईशान्य मोसमी पाऊस संपला की इथला प्रवासाचा हंगाम सुरू होतो. पोंगलच्या सुट्टीत आम्ही जिंजीला गेलो. तिंडिवनमपर्यंतच्या महामार्गाला चेन्नईत जीएसटी रोड म्हणतात. ते ग्रँड सदर्न ट्रंक रोडचे लघुरूप आहे आणि करापेक्षा फार जुने आहे. सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आम्ही तीन टप्प्यांत कापले. दर पन्नास किलोमीटरला थांबायचे, कॉफी किंवा शहाळे घ्यायचे, दहा मिनिटे चालायचे. १६७७ साली शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि पुढे सुमारे आठ वर्षे राजाराम महाराजांना आश्रय देणारा हा किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. त्या यादीतील बारा मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. राजगिरीच्या पायथ्याशी, त्या अजस्र धोंड्यांसमोर उभे राहून सौ. म्हणाली, "तंजावर किती लांब आहे?" चेन्नईहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मुक्काम घेऊन दोन दिवसांत होईल, असे मी सांगितले. तिने नकार दिला नाही.

धोरण आखताना लाभार्थ्यांचे अभिप्राय मागवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मसुदा प्रसिद्ध होतो, तीस दिवसांची मुदत असते, आणि पुष्कळदा कोणी काही कळवत नाही. मग नस्तीवर शेरा पडतो: "हरकती प्राप्त झालेल्या नाहीत." हा शेरा लिहिताना आता माझी लेखणी थोडी थांबते. हरकत नाही याचा अर्थ पसंती असेल. किंवा लोकांनी मनातल्या मनात "तुम्ही जाऊन या" असे म्हटले असेल. यातले खरे काय, हे टेबलाशी बसून कळत नाही. त्यासाठी हँडल दुसऱ्याच्या हाती देऊन थोडा वेळ मागे बसावे लागते.