चांदणे आणि काळोख

तैलरंगात चांदणे रंगवू पाहणाऱ्याला सर्वप्रथम काळोख रंगवावा लागतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये कालवून साऱ्या कॅनव्हासवर पातळ थर द्यायचा. त्यावरचे थर क्रमाने अधिक तेलाचे. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणूनच किनाऱ्याची रेषा ओल्या रंगात कोरड्या ब्रशने विरवता येते. पांढरा येतो अगदी शेवटी, पिवळ्याची किंचित छटा घेऊन, जाड आणि मोजका.

आर्खिप कुइंजी या चित्रकाराने १८८० साली सेंट पीटर्सबर्ग येथे ‘नीपर नदीवरील चांदणी रात्र’ हे एकच चित्र अंधाऱ्या दालनात, दिव्याच्या उजेडात मांडले होते. चित्रामागे दिवा लपवला असावा, अशी शंका प्रेक्षकांना आली म्हणतात. पुढे त्यातले रंग काळवंडले. तरीही नदीवरचा प्रकाश अद्याप जाणवतो, कारण भोवतीचा काळोख तो तोलून धरतो.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. चित्रकला हा आमचा फावल्या वेळचा नाद. आमचा विषय कल्याणच्या दुर्गाडीखालची खाडी. तिथे शेजारी उभे राहूनही पाण्यावरचा चंद्रप्रकाशाचा पट्टा दोघांना वेगवेगळा दिसतो. प्रत्येकाचा पट्टा त्याच्याच पायांशी येतो. कॅनव्हासवर मात्र त्यांतला एकच निवडावा लागतो. आमचा खरा मतभेद झाला तो दिव्यांवरून. पुलावरच्या आणि इमारतींच्या दिव्यांची प्रतिबिंबे चंद्राच्या प्रतिबिंबाहून ठळक पडतात. एकाचे म्हणणे, ती गाळावीत. कवितेतले चांदणे निर्भेळ असते. दुसऱ्याचे म्हणणे, मग ही खाडी कल्याणची कशी?

हा प्रश्न वर्गातही आमच्यापुढे उभा राहतो. ‘टिपूर चांदणे’ या शब्दांचा अर्थ ठाणे-डोंबिवलीकडच्या विद्यार्थ्यांना सांगता येतो. पण ज्याने पुरता काळोख पाहिलेला नाही, त्याला तो अनुभवायला कुठून द्यावा? कोजागरीचे दूधही आता गच्चीवरच्या ट्यूबलाइटखाली आटते. अनुभव विरळ झाला की प्रतिमा पाठांतरापुरती उरते, आणि परीक्षेत तिच्यावर गुणही मिळतात.

अखेरीस दिवे चित्रात राहिले. चंद्राचा पट्टा आम्ही त्यांच्याहून मंद ठेवला, आणि तो दिसावा म्हणून डावीकडचा किनारा आणखी एका थराने गडद केला. तो थर अजून ओला आहे.