अग्रलेखातला ‘आम्ही’

आजोबा अग्रलेख मोठ्यानं वाचत. त्यातला ‘आम्ही’ आला की मला वाटे, वीसेक पांढऱ्या मिशा सतरंजीवर बसून एका सुरात बोलताहेत.

पुढं वर्तमानपत्रात नोकरीला लागलो आणि त्या ‘आम्ही’ची खोली पाहिली. टेबल, पाच खुर्च्या, साय धरलेला चहा. ‘‘आज कशावर?’’ संपादक विचारत. विषय झटकन ठरे. बाजू ठरायला वेळ लागे. कुणी आकडे काढी. कुणी, याच प्रश्नावर मागं आपण काय लिहिलं होतं, ते कात्रण पुढं सरकवी. त्या कात्रणाचा धाक मोठा! हात वर करून मतं मोजल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही. बोलता बोलता संपादकांनी पेनाचं टोपण काढलं की समजायचं, ठरलं.

एकदा धरणाच्या बाजूनं लिहायचं ठरलं. उठवल्या जाणाऱ्या गावांसाठी भांडलो होतो मी एकटा, आणि लेख लिहायचा आला तोही माझ्याकडेच. लिहिला. चांगला उतरला, याचीच जास्त लाज वाटली. शेवटाकडं ‘तरीही’नं सुरू होणारी दोन वाक्यं हळूच घुसवली. सकाळच्या अंकात त्यातलं एक शिल्लक होतं.

अशा वेळी मला आगरकर आठवतात. 1881 साली निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि ते डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र राहिले. तुरुंगात टिकलेला ‘आम्ही’ सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर तडकला. 1887मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. 1891च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी एकाच पुण्यात दोन ‘आम्ही’ समोरासमोर उभे राहिले: परक्या सरकारनं यात पडू नये म्हणणारा एक आणि कायदा हवाच म्हणणारा दुसरा. वाद कशाचा, तर शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं की नाही याचा. त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला दोन्हीकडच्या खोल्यांत खुर्ची नव्हती, हे मला राहून राहून टोचतं.

आगरकरांसारखा बाहेर पडलो नाही मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत बसलो, चहा घेतला.

धरणाचं ते कात्रण अजून आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. लेखाखाली अर्थातच नाव नाही. ‘तरीही’ तेवढं नीट वाचता येतं.