उजव्या हातातल्या बांगड्या

अँजिओप्लास्टीच्या टेबलावर बाईमाणूस आलं की माझी नजर आधी तिच्या उजव्या मनगटाकडे जाते. बांगड्या किती आहेत, काचेच्या की सोन्याच्या, सैल की रुतलेल्या? नाडी लागते ती नेमकी त्यांच्याखाली.

ही सवय मला एका चुकीने लावली. पंधराएक वर्षं झाली असतील. साठीच्या आतबाहेरच्या एक काकू रात्री आल्या. दुखणं आदल्या दिवशी सकाळी सुरू झालेलं. पित्त म्हणून सोडा घेतला, आल्याचा रस घेतला, मग दोन वेळचा स्वयंपाक केला. घाम फुटून बसल्या तेव्हा कुठे मुलाला फोन गेला. ईसीजीत मोठा अटॅक. हातात भाचीच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा, इतका घट्ट की बोट शिरेना. आमचा टेक्निशियन कात्री शोधू लागला तसा काकूंनी हात छातीशी ओढून घेतला. ‘‘वाढवू नका हो डॉक्टर, मालक बाहेर बसलेत.’’

बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तो शब्द ऐकल्यावर मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. मांडीतून जायचा माझा हात बसलेला होता आणि मनगटाची वाट तेव्हा अजून नवी वाटायची. जांघेतून शीथ, म्हणजे आत जायची नळी, घातली, रक्त गोठू नये म्हणून सात हजार युनिट हेपॅरिन दिलं, बंद धमनी उघडली, स्टेंट बसवला. पडद्यावरचं चित्र इतकं सुरेख की मी ते जाता जाता पुन्हा एकदा बघितलं.

पहाटे काकूंची पाठ दुखू लागली आणि रक्तदाब सत्तरवर आला. जांघेतल्या टोच्यातून रक्त बाहेर न येता आत, पोटामागे साचत होतं. तीन बाटल्या रक्त आणि नऊ दिवस आयसीयू. वाचल्या. त्या नऊ दिवसांत कधीतरी सिस्टरने त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. एकेचाळीस किलो. हेपॅरिन किलोला साधारण सत्तर ते शंभर युनिट द्यायचं असतं, हिशेब तुम्हीच करा. मी ‘नेहमीचा’ डोस दिला होता, आणि माझा ‘नेहमीचा’ माणूस सत्तर किलोचा पुरुष होता, हे मला तोवर कळलंच नव्हतं. काकूंच्या मालकांनी मला व्हरांड्यात गाठलं. ‘‘ऑपरेशन चांगलं झालं म्हणाला होतात ना, साहेब?’’ झालं होतं. ते खोटं नव्हतं. म्हणूनच उत्तर देता येईना.

आमची ही कला जन्मली तीच पुरुषाच्या मापाने. आंद्रेआस ग्रुंट्झिगने 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये पहिल्यांदा हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला, तो 38 वर्षांच्या एका पुरुषाच्या. पुढची अवजारं, औषधांचे अंदाज, डोळ्यांचे अंदाज, सगळं प्रामुख्याने पुरुषांवरच घडत गेलं. बाईच्या हृदयाच्या धमन्या, तिची शरीरयष्टी लहान असते हे धरूनसुद्धा, पुरुषापेक्षा अरुंद असतात. अरुंद नळीत अर्ध्या मिलिमीटरची चूक मोठी ठरते. बायपासचा धोका मोजण्याच्या युरोस्कोअरमध्ये तर निव्वळ स्त्री असण्याचेच जादा गुण पडतात. शिकत असताना मी ते पत्रिकेतल्या शनीसारखं मुकाट मान्य केलं होतं. बाई आहे, धोका जास्त, पुढे चला.

पण त्या ‘बाई आहे’च्या पोटात काय काय भरलंय हे उकलत गेलं की शनीचा जोर ओसरायला लागतो. स्त्रिया उशिरा येतात, जास्त वयात येतात, मधुमेह आणि रक्तदाब सोबत घेऊन येतात. आणखी एका कारणाला 1991 साली अमेरिकेत बर्नाडिन हीली यांनी ‘येंटल सिंड्रोम’ असं नाव दिलं. येंटल ही आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथेतली मुलगी, शिकायला मिळावं म्हणून पुरुषवेष घेणारी. बाईचं हृदयदुखणं पुरुषासारखं दिसलं तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात, हा हीलींचा मुद्दा. आमच्या काकू पुरुषासारख्या छातीवर मूठ दाबून आल्या असत्या तर चोवीस तास आधी आल्या असत्या.

तरी सगळंच वय आणि उशीर यांच्या नावावर टाकता येत नाही. 1999 साली व्हायोला व्हॅकारिनो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 3,84,878 अटॅकच्या रुग्णांची नोंद तपासली. रुग्णालयात दगावणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांत 16.7 टक्के, पुरुषांत 11.5 टक्के. पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त निघालं. दुखणी, उपचार, उशीर यांचा हिशेब लावल्यावर फरक कमी झाला, पुसला मात्र गेला नाही. उरलेल्या फरकासमोर मी आजही गप्प होतो.

माझ्या हातात आहे तो भाग वेगळा आहे आणि तो लहान नाही. 2006 साली अमेरिकेतल्याच ‘क्रूसेड’ नोंदणीतून एक आकडा आला, तो मला थेट लागला. रक्त गोठू न देणाऱ्या ग्लायकोप्रोटीन-रोधक गटातल्या औषधांचा जादा डोस स्त्रियांना जास्त वेळा दिला जात होता, आणि त्यांच्यातला जवळजवळ चौथा हिस्सा रक्तस्राव त्या जादा डोसाच्या खाती जमा होता. पुरुषांत हा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. म्हणजे माझ्या काकू एकट्या नव्हत्या, आणि मीही एकटा नव्हतो. याचं समाधान मानावं की लाज वाटावी, हे ठरत नाही.

मनगटाची वाट माँट्रियलच्या ल्युसियाँ काम्पो यांनी 1989 साली अँजिओग्राफीसाठी दाखवली आणि अॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी 1992 साली तिथून अँजिओप्लास्टी केली. मनगटातली धमनी हाडावर असते. वरून पट्टा आवळला की काम झालं, रक्त लपायला जागा नाही. रक्तस्राव जिला जास्त होतो तिलाच ही वाट जास्त हवी, पण तिचीच धमनी सगळ्यात बारीक आणि सगळ्यात रुसवी. केवळ स्त्रियांवर केलेला ‘सेफ-पीसीआय फॉर विमेन’ हा अभ्यास 2014 साली आला, त्यातही दोन्ही दिसलं: मनगटाने रक्तस्राव कमी, पण मनगट सोडून दुसरी वाट धरण्याची वेळ जास्त वेळा.

त्या रुसव्याशी बोलायला शिकावं लागतं. भूल थेंबभरच द्यायची, जास्त दिली तर त्या फुगवट्यात नाडीच हरवते. पहिला टोचा चुकला की धमनी आक्रसते, दुसरा चुकला की दोऱ्यासारखी होते, मग दहा मिनिटं हात बाजूला ठेवून गप्पा मारायच्या. शीथ जाडीला सहा फ्रेंचऐवजी पाचची. आत गेल्या गेल्या नायट्रोग्लिसरीन. आणि कॅथेटर कुणी मुठीत धरल्यासारखं अडकलं तर ओढायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी ओढतंच.

बांगड्यांचा प्रश्न मात्र सोडवला तो आमच्या वॉर्डातल्या मावशींनी. माहेर कासाराचं. रुग्णाच्या हाताला खोबरेल तेल लावतात, बोटांवरून प्लास्टिकची पातळ पिशवी चढवतात, अंगठा तळहातात मिटवून हाताचा पंजा कळीसारखा दाबतात आणि बोलता बोलता बांगड्या एकेक करून उतरवतात. ‘‘कुठलं गं माहेर तुझं?’’ एवढं होईतो तीन निघालेल्या असतात. काच तडकत नाही. डाव्या हाताला हात लावत नाहीत. ‘‘तो चुडा राहू दे, मालकांचा,’’ म्हणतात, आणि बाईचा जीव भांड्यात पडतो. काढलेल्या बांगड्या रुमालात बांधून उशाशी. त्या रात्री मावशी ड्यूटीवर असत्या तर, असं मी अनेकदा मनात म्हटलंय.

कधी कधी कसब हात आवरण्यात असतं. बाळंत होऊन सहा आठवडे झालेली एक मुलगी आली होती, अडतिशीची. धमनीत चरबी नव्हती, भिंतीचा आतला पदर आपणहून सुटला होता. या दुखण्याचे बहुतांश रुग्ण स्त्रियाच. रक्त वाहत होतं, छाती दुखायची थांबली होती. अशा जागी तार घातली तर ती भलत्याच पदरात शिरते, स्टेंट फुगवला तर साकळलेलं रक्त पुढे सरकून फाट वाढते. माझ्या हातात तार होती आणि काचेपलीकडे तिचा भाऊ होता. तार परत ठेवली. तीन महिन्यांनी बघितलं तर पदर चिकटला होता.

घरी गेल्यावरचं एकच सांगतो. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी पुरुषाला बायको देते. बाईला ती तिची तिनेच घ्यायची असते, आणि उपवासाच्या दिवशी ती राहते. घरच्यांनाही पत्ता नसतो.

तर विनंती एवढीच. घरातली बाई पित्त म्हणत असेल आणि अंगाला घाम असेल, धाप असेल, जबडा किंवा पाठ भरून येत असेल, तर सोडा देऊ नका, ईसीजी काढा. दवाखान्यात तिचं वजन कुणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. आणि निघताना, वाटेत गाडीतच, तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या तेवढ्या उतरवून घ्या.