अक्काचा प्रश्न

गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला आणि फराळाचे ताट पुढ्यात घेऊन त्याने मला विचारले, "मामा, थोडे पैसे साठले आहेत. कोणत्या कंपनीचे शेअर घेऊ?" निवृत्त शाळामास्तरास कोणी असा प्रश्न विचारावा, हे जरासे विनोदीच होय. परंतु वर्तमानपत्रातील बाजारभावाचे पान मी नित्य वाचतो, हे त्याला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते इतकेच, की हे वाचन मी त्याच्या आईपायी शिकलो आणि त्या शिक्षणाची फी तिनेच भरली.

आमचे वडील फोंडा महालातील आमच्या देवस्थानाचे काही वर्षे खजिनदार होते. वार्षिक सभेत महाजनांपुढे जमाखर्च वाचला जाई. नंदादीपाचे तेल किती, पालखीच्या रंगाला किती, हे सारे पैपर्यंत सांगावे लागे. वडिलांचा एक नेम होता. वही जुळली म्हणून ते कधी थांबत नसत. दोघा महाजनांना साक्षीस घेऊन फंडपेटी उघडीत आणि रोकड मोजीत. जत्रेच्या उत्साहात कोणी पाचशे रुपये देण्याचे बोलून गेला, तर ते जमेस धरण्यास त्यांचा ठाम नकार असे. "संकल्प देवापाशी पोचतो, पेटीत नव्हे," असे ते म्हणत. आम्ही दोघे भावंडे हे ऐकत वाढलो. अक्काने ते लक्षात ठेवले, मी विसरलो.

१९९२ साली भांडवल उभारणीवर नियंत्रण ठेवणारा जुना कायदा रद्द झाला आणि नव्या कंपन्यांच्या भागविक्रीला पूर आला. जो तो अर्ज भरीत होता. त्यांपैकी कित्येक कंपन्या पैसे गोळा करून पुढे नाहीशाच झाल्या, हे आता सर्वश्रुत आहे. त्या वेळी मात्र मुंबईहून आलेल्या एका स्नेह्याने नाव सांगावे आणि आम्ही मान डोलवावी, असा काळ होता. अक्का तेव्हा नुकतीच विधवा झाली होती. घराचे वासे बदलून नवी मंगळुरी कौले घालण्यासाठी तिने वीस हजार रुपये बाजूला ठेवले होते. "वर्षात दुप्पट होतील," असे सांगून १९९४ साली ते मी तिच्याकडून घेतले आणि त्या स्नेह्याने सांगितलेल्या कंपनीत घातले. दोन वर्षांनी त्या कंपनीचे पत्र येईना, की तिला पाठवलेले पत्र पोचेना. हाती राहिले ते सुरेख नक्षीचे भागपत्र.

मी अक्कासमोर जाऊन सारे सांगितले. ती रागावली नाही. तांदूळ निवडता निवडता तिने एवढेच विचारले, "तुवें तांचो हिशोब पळयिल्लो?"

मी हिशोब पाहिला नव्हता. पाहिले होते ते एक रंगीत पत्रक. पुढील चार वर्षांत मी तिचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. परंतु मधल्या दोन पावसाळ्यांत तिच्या माजघरात गळतीखाली तांब्याची भांडी मांडलेली असत. ते दोन पावसाळे मला फेडता आले नाहीत.

त्यानंतर मी बाजारापासून दूर पळालो नाही. अक्काच्या प्रश्नाला उत्तर देता यावे म्हणून ताळेबंद वाचावयास शिकलो. ही विद्या वाटते तितकी गहन नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात नफ्यातोट्याचे एक पत्रक असते आणि रोकड प्रवाहाचे दुसरे. पहिली ती वही. दुसरी ती फंडपेटी. एखादी कंपनी वर्षाला शंभर कोटी नफा दाखविते, पण धंद्यातून रोकड मात्र वीसच कोटी येते, आणि असे वर्षानुवर्षे चालते, तर तिने संकल्प जमेस धरला आहे, असे समजावे. माल उधारीवर गेला आहे, येणी फुगली आहेत आणि त्यांतील किती वसूल होणार, ते कोणी सांगत नाही. एखाद्या वर्षी असे घडणे स्वाभाविक असते. पाच वर्षांची पत्रके शेजारी शेजारी ठेवली की सवय कोणती आणि योगायोग कोणता, ते दिसून येते.

मग कर्ज पाहावे. धंदा मंदावला तरी व्याज थांबत नाही. मालकांनी स्वतःचे समभाग गहाण टाकले आहेत काय, आप्तांच्या कंपन्यांना उसने पैसे दिले आहेत काय आणि लेखापरीक्षक मुदतीपूर्वीच काम सोडून गेला आहे काय, हेही पाहावे. ही माहिती बहुधा शेवटच्या पानांवरील बारीक टिपांत असते. म्हणून मी अहवाल शेवटाकडून वाचतो. सर्वांत शेवटी भाव. ज्या समभागामागे वर्षाला दहा रुपये नफा आहे, त्यास दोनशे रुपये मोजणे म्हणजे आजच्या दराने वीस वर्षांचा नफा आगाऊ देणे होय. कंपनी चांगली असली म्हणून वाटेल तो भाव चांगला ठरत नाही.

इतके करूनही फसगत होतेच. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नव्हती. तेथे पेटीच खोटी होती, आणि ती नामांकित लेखापरीक्षकांनी मोजलेली होती! ज्यांनी अहवाल नीट वाचला, तेही बुडाले. म्हणून आपल्या वाचनाचाही गर्व नसावा. एकाच कंपनीत सारे घालू नये. आणि ज्यास अहवाल वाचण्याची सवड वा आवड नाही, त्याने निर्देशांकातील सर्व कंपन्यांत थोडे थोडे पैसे गुंतविणाऱ्या निधीत नियमाने रक्कम टाकावी. त्यात कमीपणा कसला? प्रत्येक महाजनाने खजिनदार व्हावे, असे थोडेच आहे!

भाच्याला हे सारे सांगावयाचे होते. पण त्याने खिशातून मोबाईल काढून मला वायदेबाजारातील झटपट सौदे दाखविले. तेव्हा मी त्याला सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेला आकडा सांगितला: आधीच्या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी शंभरांतील त्र्याण्णव जणांना तोटा झाला होता. तो गप्प झाला. मी विचारले, "हे पैसे तुला केव्हा लागणार?"

"दोन वर्षांनी. मुलीच्या कॉलेजची फी."

"तर मग ते बाजारात घालायचेच नाहीत. बँकेत मुदत ठेवीत ठेव. ज्या पैशाला तारीख ठरलेली आहे, तो बाजाराच्या लहरीवर सोडू नये. उरतील त्यांचे पुढे पाहू."

आणि मग इतकी वर्षे न सांगितलेली गोष्ट मी त्याला सांगितली. अक्का आता नाही. तिने मुलांपाशी याचा कधी शब्दही काढला नव्हता. तो बराच वेळ ताटाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "ती भांडी मला आठवतात, मामा. त्या टपटपीवर मी पाढे म्हणत असे. मला वाटे, सगळ्यांच्याच घरी पाऊस असा आत येतो."

यावर मजपाशी बोलण्यासारखे काही नव्हते. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "हे वार्षिक अहवाल कुठे मिळतात?"

मी सांगितले, की कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ते कोणासही फुकट वाचावयास मिळतात. मग चष्मा घेऊन मी त्याच्या शेजारी बसलो आणि आम्ही शेवटच्या पानापासून वाचावयास सुरुवात केली.