खाऱ्या पाण्यातला गोड तलाव
(बारामती-इंदापूर ते मुरूड-जंजिरा)

आपल्या माणसांच्या प्रवासाला बहुधा कारण लागते. ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, विजयादशमीला नागपूर. त्याखेरीज लग्न, मयत, दवाखाना आणि कोर्ट. पण नुसते हिंडावे, पोराबाळांना समुद्र दाखवावा, म्हाताऱ्या माणसांनी दोन घटका वाळूत पाय पसरून बसावे, एवढ्यासाठी घराबाहेर पडणे म्हणजे आपल्या वस्तीत अजूनही चैन समजली जाते. ज्यांच्या आयाबहिणींनी उसाच्या फडात आणि रोजगार हमीच्या कामावर जन्म काढला, त्यांच्या वाट्याला ही एवढी चैन का येऊ नये? या प्रश्नातूनच आमची सहल निघाली.

इंदापूरची तीन आणि बारामतीची दोन अशी पाच कुटुंबे जमली. महिला मंडळाच्या भगिनींनी वर्षभर भिशीत थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. लॉजचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून गाडीलाच घर करायचे ठरले. भाड्याच्या मिनीबसची मागची बाके काढली. तिथे अंथरुणे, पाण्याचे कॅन, गॅसची लहान शेगडी, पातेली, ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ताडपत्री. परदेशात लोक घरासारखी सजवलेली गाडी घेऊन महिनोन् महिने फिरतात असे वाचतो. आमची गाडी त्या थाटाची नव्हती, पण चूल आणि बिछाना बरोबर असला की माणूस कुणाचा मिंधा राहत नाही, हे तत्त्व तेच. निघण्यापूर्वी एक ठराव एकमताने मंजूर झाला : दोन दिवस स्वयंपाक पुरुषांनी करायचा. भगिनींनी शेगडीला हात लावायचा नाही.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे इंदापूर सोडले. बारामतीची मंडळी घेऊन नीरा, लोणंद, शिरवळ, भोर करीत वरंधा घाटातून महाडला उतरलो. हा घाट पावसाळ्यात बहुधा बंद असतो. उन्हाळी-हिवाळी दिवसांतही ड्रायव्हर सवयीचाच हवा.

महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर सगळे बसलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी इथले पाणी ओंजळीत घेतले, हे पोरांना पाठ होते. पण त्यानंतर हा दावा कोर्टात दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला, हे त्यांनी प्रथमच ऐकले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली, हे ऐकून पोरे गप्प झाली.

पुढे मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव ओलांडले आणि पाटी दिसली : इंदापूर! गाडीत एकच हशा. पहाटे निघालेलो आम्ही दुपारी परत इंदापुरात. हे रायगडचे इंदापूर. इथून तळ्याकडे रस्ता फुटतो आणि पुढे मांदाडजवळ कुडा गावची लेणी लागतात. वेरूळ-अजिंठ्याला सगळे जातात, कार्ल्यालाही जातात. कुड्याला मात्र फारसे कुणी फिरकत नाही. राजपुरीच्या खाडीवर नजर ठेवून डोंगराच्या कुशीत कोरलेली ही २६ लेणी सुमारे १८०० वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळी ही खाडी जहाजांच्या व्यापाराची होती, आणि व्यापाराच्या वाटेवर भिक्खूंचे विहार असत.

इथल्या भिंतींवरचे ब्राह्मी लेख अभ्यासकांनी वाचलेले आहेत. दान देणाऱ्यांत या भागातल्या महाभोज घराण्याची माणसे आहेत, तसे फुलमाळी, वैद्य, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आणि आपल्या शिष्यिणींसह दान देणारी भिक्खुणीही आहे. आणि एक 'लेखक' आहे. त्या काळी लेखक म्हणजे दरबारात लिहिण्याचे काम करणारा, आजच्या भाषेत कारकून. आयुष्य फायलींत घालवणाऱ्या आमच्यासारख्याला हे वाचून किती बरे वाटले म्हणून सांगू! राजाचे नाव सगळे लिहितात. माळ्याचे आणि कारकुनाचे नाव दगडात कोरून ठेवणारा समाज इथे होऊन गेला, हे पोरांना सांगताना आमचाच आवाज मोठा झाला.

रात्री मुरूडला समुद्राकाठी, पोलिसांना विचारून, गाडी लावली. पिठले, भात आणि जाड-बारीक, वाकड्या-तिकड्या भाकरी. भगिनींनी नावे ठेवत ठेवत दोन दोन जास्त खाल्ल्या. बायका-पोरे गाडीत झोपली, बाप्ये ताडपत्रीवर. लाटांचा आवाज रात्रभर चालू होता. एका पोराने विचारले, "ह्यो मोटार बंद कधी करत्यात?" त्याला तो विहिरीवरच्या पंपाचाच आवाज वाटला होता.

दुसरा दिवस बेटाचा. घाई कसलीच नव्हती. सकाळी चहा झाला आणि राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. इंजिनाची धडधड नाही, नुसता वारा आणि पाणी. आमच्यातल्या आत्या सत्तरीच्या. होडीत पाय ठेवताना थबकल्या. होडीवाल्या भावाने हात पुढे केला, "या मावशी, माझा हात धरा." आत्यांनी हात धरला तो किल्ल्याच्या दरवाजापर्यंत सोडला नाही.

'जझीरा' म्हणजे अरबीत बेट. त्यावरूनच जंजिरा झाले. होडी अगदी जवळ जाईपर्यंत तटात दरवाजा कुठे आहे हेच कळत नाही. तट थेट पाण्यातून उठलेला. शत्रूने यावे तरी कुठून? शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी प्रयत्न केले, महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला, पण जंजिरा हाती लागला नाही. १९४८ साली हे संस्थान भारतात विलीन झाले, तोवर तो सिद्दींकडेच राहिला.

हे सिद्दी कोण? आफ्रिकेतून, विशेषतः हबसाणातून आलेली माणसे. कुणी शिपाई म्हणून आले, कुणी खलाशी म्हणून, तर कित्येकांना गुलाम म्हणून बाजारात विकून आणले गेले. हबसाणातच जन्मलेला मलिक अंबर असाच अनेकदा विकला गेला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६२६ साली तो वारला तेव्हा मोगलांनाही हायसे वाटले असेल. सिद्दींच्या राज्यात रयत सुखी होती असे म्हणण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरच्या गावांना त्यांच्या स्वाऱ्यांचा जाच होता. पण ज्याला जन्मावरून, रंगावरून हलके ठरवून विकले, त्याने संधी मिळताच काय करून दाखवले, ही गोष्ट आपल्या पोरांनी ऐकलीच पाहिजे. आम्ही ती दरवाजाजवळच सांगितली. तिथे पंजांत हत्ती धरलेले वाघासारखे जनावर दगडात कोरलेले आहे. पोरांनी हत्ती मोजले आणि त्यावरून भांडलीही.

आत पडके वाडे, वर झाडोरा, बुरुजांवर तोफा. कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ आहे, तिच्यावर हात ठेवल्याशिवाय एकही पोर पुढे सरकेना. पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही तलावापाशी काढला. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याचा दगडी तलाव! पावसाचे पाणी साठवून इथली वस्ती जगली. समुद्रातला किल्ला तोफांवर टिकतो असे आपल्याला वाटते, पण गोडे पाणी नसते तर वेढा घालणाऱ्याला नुसते बसून राहिले तरी पुरले असते.

तिथे आत्या पायरीवर बसल्या आणि बोलू लागल्या. त्यांचे माहेर उजनीच्या पाण्यात गेलेले. १९८० च्या सुमारास भीमा अडली आणि इंदापूर तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की अजून वर दिसते. आत्या म्हणाल्या, "आमचं घर पान्यात गेलं, आन् आमच्याच नव्या वस्तीला टँकर. हितं बघा, खाऱ्या पान्यात ऱ्हाऊन बी ह्यांनी गोडं पानी राखलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पानी असून भागत न्हाई बाबा. ते आपल्या हाती लागाय पायजे." महाडच्या पायऱ्यांवर आम्ही जे तासभर समजावले, ते आत्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

किल्ल्यात होडीवाले ठरावीक वेळच देतात. परत येऊन उरलेला सारा दिवस मुरूडच्या वाळूत काढला. कुणाचे भाषण नाही, सत्कार नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. भगिनी लुगडी-साड्या गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. आत्यांनी समुद्राचे पाणी बोटाने चाखले, थुंकल्या आणि पोटभर हसल्या. चळवळीत माणसे थकतात. थकलेल्या माणसाला विसावा दिला तर तो पुन्हा उभा राहतो. विसावा हा श्रीमंतांचा मक्ता नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, थंडीचे दिवस उत्तम. शनिवार-रविवार टाळावा, गर्दी फार. पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे आणि प्लॅस्टिक किल्ल्यात टाकू नये. सगळ्यात महत्त्वाचे, होडीत लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि पोरांना आधी घालावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचे प्राण गेले. होडीवाल्याला घाई असली तरी आपण करू नये. जास्त माणसे भरलेली दिसली तर उतरून पुढची होडी धरावी, त्यात कमीपणा नाही.

आणि भिशीचा एक हप्ता सहलीच्या नावाने आजपासूनच बाजूला ठेवा. वस्तीतल्या ज्या आजीने अजून समुद्र पाहिलेला नाही, तिची जागा आधी धरा. मग बाकीची नावे लिहा.