लोटाभर पाण्याची परीक्षा

सासरी गेलेल्या जावयाने मानपान घ्यावा, पुरणपोळी खावी आणि घराच्या भिंतींविषयी एक अक्षरही बोलू नये. हे शहाणपण मला उशिरा सुचले, आणि त्याची किंमत कळंबच्या एका जुन्या घराने मोजली.

कळंब हे यवतमाळपासून २३ किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. चिंतामणीच्या देवळामुळे ते साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरत खाली जावे, तो बाहेरचे ऊन विसरायला होते. तिथल्या कुंडाचे पाणी कित्येक वर्षांनी एकदा चढत चढत गाभाऱ्यात येते आणि चिंतामणीच्या चरणांना लागते. तेव्हा गावोगावची माणसे दर्शनाला लोटतात. पण त्याच गावात तेच पाणी आपल्या घराच्या भिंतीतून चढू लागले, तर मात्र कोणी हात जोडत नाही!

आमच्या सासूबाईंचे घर घडीव काळ्या दगडाच्या जोत्यावर उभे आहे. विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, वर कौले, पुढे ओसरी. पाच वर्षांपूर्वी खालच्या गिलाव्याचे पोपडे सुटू लागले. मी पुण्याचा जावई. "बाहेरून सिमेंटचा पक्का गिलावा करा, भोवती सिमेंटचा कोबा घाला, चिखलाची कटकटच नको," असा सल्ला मी दिला, आणि जावयाचा शब्द म्हणून तो लगेच अमलातही आला.

दोन वर्षे सारे झकास दिसले. मग आतल्या बाजूने ओल चढू लागली. पूर्वी ती जेमतेम गुडघ्याएवढी असे, आता छातीला लागली. भिंतीवर मिठासारखा पांढरा लोणा फुलला. श्रावणात सासूबाईंना खोकल्याने झोप येईना, तेव्हा त्यांनी खाट ओसरीवर काढली. नागपूरचे मेहुणे म्हणाले, "विकून टाकू." सासूबाई म्हणाल्या, "माप ओलांडून आले ते याच उंबऱ्यावर. भिंत आजारी पडली म्हणून घर विकायचं का?" त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच मला अधिक लागले.

गेल्या फाल्गुनात मी मुद्दाम रजा काढून कळंबला गेलो. गावातल्या एका वृद्ध मिस्तरींना बोलावले. त्यांनी बोटाच्या पेराने गिलाव्यावर टकटक केले. जागोजागी बद्द आवाज आला. मग त्यांनी लोटाभर पाणी मागितले. मला वाटले, तहान लागली असेल. त्यांनी ते भिंतीपासून हातभर अंतरावर कोब्यावर ओतले आणि स्वस्थ बसून राहिले. पाणी क्षणभर घुटमळले, आणि सरळ भिंतीच्या पायाशी गेले!

"पाह्यलं का, जवाईबापू?" ते म्हणाले. "पान्याले जायाले रस्ता पाह्यजे. तो नाई देला, तं थो आपला रस्ता करते. अन् भितीले तुमी रेनकोट घातला. आतल्या घामानं जावं कुठं?"

साऱ्या शास्त्राचा अर्क त्या चार वाक्यांत होता. वीट ही दिव्याच्या वातीसारखी असते. पायाची ओल ती वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल वाऱ्याने उडून जाते. सिमेंटचा घट्ट थर बसला की बाहेरची वाट बंद होते, मग ओल आणखी वर चढते आणि घराच्या आत फुटते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. पाणी उडाले की ते मागे राहून स्फटिक होतात आणि गिलावा फोडतात. लोणा म्हणतात तो हाच.

त्यात आपली काळी कपाशीची जमीन! पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेला कोबा तिच्याबरोबर वर-खाली होतो, तडकतो, आणि त्याचा ढाळ कुठल्या कुठे जातो. आमचा कोबा असाच भिंतीकडे कलला होता.

"चुना राजूरचा आना," मिस्तरींनी फर्मावले. प्रायश्चित्त म्हणून मीच निघालो. यवतमाळहून एस.टी.ने करंजी, मारेगाव करीत वणीकडे जाताना फाल्गुनाचा थाट काय वर्णावा! सागाची पाने गळालेली, आणि त्या करड्या रानात पळस असा पेटलेला, की जणू कोणी होळी आधीच लावून ठेवली आहे. शेतांत वेचणी संपलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.

जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा. वणीकडे मात्र जमिनीचे पोट बदलते. लोकनायक बापूजी अण्यांच्या या वणी तालुक्यात कोळसाही निघतो आणि चुनखडीही. कोळशाच्या मालमोटारींनी काळवंडलेला रस्ता ओलांडून राजूरला पोचावे, तो भट्ट्यांच्या आसपासची झाडे पिठाने माखल्यासारखी पांढरी! भट्टीत चुनखडी कोळशाबरोबर भाजतात. सुमारे ९०० अंशांच्या आचेत दगडातला वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीचा चुना भरतो अवघा ५६ किलो. पुढे भिंतीवर चढल्यावर हाच चुना हवेतून तो वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. गेलेले परत मिळवायला त्याला महिनोन्‌महिने लागतात, पण तो मिळवतो खरा.

कळीचा चुना आला. मिस्तरींनी आधी मुलांना दूर पिटाळले, कारण विरताना तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जायचा. विरलेला चुना त्यांनी काही दिवस पाण्याखाली मुरत ठेवला. तोवर आम्ही बाहेरचा सिमेंटचा गिलावा व आतले सडलेले पोपडे खरवडून काढले, विटांवरचा लोणा कोरड्या कुंचल्याने झाडला आणि भिंत उघडी वाळू दिली. शेजारी विचारीत, "घर पाडता काय?" मग चुना, वाळू आणि विटांची सुरखी मिसळून सांधे भरले व दोन्हीकडे पातळ थरांचा गिलावा केला. उन्हाने तो एकदम सुकू नये म्हणून ओली पोती लटकवली.

भोवतीचा कोबा फोडला. भिंतीलगत तीन फूट रुंदीची काळी माती, जोत्याच्या पायाला धक्का न लावता, दोन फूट खोल उपसून तिथे मुरूम भरला आणि धुम्मसाने ठोकून घट्ट केला. त्यावर दगडी फरशी बसवली. तीन फुटांत दोन इंच ढाळ, तोही बाहेरच्या बाजूला. कडेला उघडी नाली. पागोळ्या फरशीवर पडाव्यात आणि पाणी नालीने परसात जावे, अशी योजना. मोरीचे पाणी भिंतीशी मुरत होते, तेही तिकडेच वळवले. सासूबाईंची भिंतीला टेकलेली मोगऱ्याची आळी हलवताना मात्र घरात दोन दिवस अबोला होता.

सिमेंटला मी आता शिव्या देत नाही. नव्या घराच्या जोत्यावर ओल अडवणारा थर नीट घातलेला असला, तर तिथे ते आपले काम चोख करते. पण जुन्या घराची प्रकृती निराळी. औषध देण्यापूर्वी रोग्याची नाडी पाहावी, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो.

पुण्याला परतताना जीव धास्तावलेलाच होता. आषाढ गेला, श्रावण गेला. मी फोनवर सगळे विचारी, भिंतीविषयी विचारायचा धीर होत नसे. आश्विन लागला आणि सासूबाईंचाच फोन आला. खालच्या वीतभर भागात थोडी ओल अजून आहे. मिस्तरी म्हणतात, इतक्या वर्षांचे पाणी एका पावसाळ्यात कसे निघेल? पण लोणा पुन्हा फुललेला नाही, आणि खाट खोलीत परत गेली आहे.

"दिवाळीला या," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी लोटाभर पाणी ओतून पाहते. नालीतच जातं."

मी जाणार आहे. या खेपेला फक्त पुरणपोळी खाणार.